घसरायचे पंचाहत्तर युरो

...आणि बर्फ तर फुकटच पडतो ना? पडतो फुकट, वितळतो फुकट, आमच्या घरासमोरचा सकाळी सातच्या आत फावड्यानं मी काढतो तोही फुकट, कारण इथे तसा नियमच आहे. मग त्याच बर्फावरून खाली घसरायचे एका माणसाचे एका दिवसाचे पंचाहत्तर युरो कसे होतात, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. नुसत्या लिफ्टचे हं. स्की वेगळे, बूट वेगळे, हेल्मेट वेगळं, शिकवणारा वेगळा. आणि गंमत म्हणजे हे पैसे खाली यायचे नाहीतच, वर जायचे आहेत. खाली काय, माणूस आपोआप येतो. मी आलोय.

तुम्हाला सांगतो, मला ह्या खेळाचं काही नव्हतं. मी यशोधन साठे, मूळचा पुण्याचा, गेली अकरा वर्षं जर्मनीत, झिंडेलफिंगेनला. गाडीचं दार लावल्यावर जो 'धप्प' आवाज येतो ना, तो श्रीमंत वाटला पाहिजे, ह्याच्यावर आमची नऊ माणसं काम करतात, त्यातला मी एक. बर्फ मी लहानपणी पाहिला तो उसाच्या रसात. मला पर्वतावरून घसरायचं स्वप्न वगैरे कधी पडलं नाही. पण नोव्हेंबरात इराच्या शाळेत बोलावणं आलं.

इरा आमची मुलगी, नऊ वर्षांची, चौथीत. इथे चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात, कोण कुठे जाणार ते बाई सांगतात, त्यामुळे मी आणि माझी बायको वैभवी इस्त्रीचे कपडे घालून, त्या एवढ्याशा खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेलो. बाई म्हणाल्या, अभ्यास छान, गणित छान, काळजी नको. आम्ही उठणार तेवढ्यात त्या हसून म्हणाल्या, 'आणि बोलते किती सुंदर! गेल्या वर्षी फाशिंगच्या सुट्टीनंतर तिनं वर्गात तुमच्या स्कीच्या सहलीचं इतकं छान वर्णन केलं... हेर साठे, तुम्ही म्हणे काळ्या उतारावरूनसुद्धा खाली येता?'

हेर म्हणजे श्रीयुत, आणि काळा उतार म्हणजे सगळ्यात अवघड. तिथे जर्मन माणूससुद्धा आधी नाक पुसतो, मग जातो.

मी वैभवीकडे पाहिलं. वैभवीनं भिंतीवरच्या घुबडाच्या चित्राकडे पाहिलं. गेल्या वर्षी फाशिंगच्या, म्हणजे फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सुट्टीत आम्ही काय केलं होतं माहितीये? पुस्तकांचं कपाट आणलं होतं. एक दिवस आणायला, तीन दिवस जोडायला. आता बाईंना काय सांगू, मुलगी खोटं बोलली? चौथीत? शाळा ठरायच्या वर्षी?

'गेनाऊ,' म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार? गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. जर्मन समजलं नाही की मी गेनाऊ म्हणतो, आणि नीट समजलं तर हमखास म्हणतो.

घरी आल्यावर वैभवीनं इराला जवळ बसवून विचारलं. रागावली नाही, नुसतं विचारलं. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. तिनं जे सांगितलं ते एवढंच, की सुट्टीनंतर सगळे गोल बसतात आणि कुठे गेलो ते सांगायचं असतं, तिच्या आधी सहा जण बोलले, सहाही स्कीला गेले होते, आणि कपाट सांगायची तिला लाज वाटली. बरं, लेओनी नावाची तिची जिवलग मैत्रीण आता फोटो मागत होती. म्हणून इरानं तीन आठवडे तिच्याशेजारी डबा खाल्ला नव्हता. कारण काय, तर फोटो नाही.

आता बाप म्हणून तुम्ही काय केलं असतं? मी लॅपटॉप उघडला. ऑस्ट्रियात एक आठवडा, तिघं जण. राहायची जागा, लिफ्टचा पास, भाड्याचे स्की, इराची शिकवणी, माझी शिकवणी... टिचकी मारली की आकडा वाढायचा. शेवटी चार हजार दोनशेवर थांबला. ह्यात जेवण नाही. वर डोंगरावर नूडल्सच्या सुपाला चौदा युरो. पाच वर्षांपूर्वी हेच सगळं तीन हजारांच्या आत व्हायचं, असं तिथे खाली कुणीतरी हळहळून लिहिलेलं. वैभवीनं आकड्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, 'ह्यात आपण तिघं पुण्याला जाऊन येतो. आणि आई जेवायला घालते.'

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात उवेपुढे रडलो. उवे माझा सहकारी, अस्सल श्वाबियन, म्हणजे ह्याच भागातला. पावाची कागदी पिशवी घडी घालून खिशात ठेवणारा माणूस. तो म्हणाला, तू मूर्ख आहेस, ऑस्ट्रिया काय, ऑस्ट्रिया तर पर्यटकांसाठी. आपल्याकडे आल्ब आहे, श्वेबिशे आल्ब, तासाभरावर. छोटे डोंगर, छोट्या लिफ्ट, गावचे क्लब त्या चालवतात, दिवसाचे अठरा युरो, मुलांना बारा. क्लबात नाव घाल, पाव घरून ने, आणि स्की बाजारात घे. शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या स्कींचा बाजार आहे, नऊला उघडतो, साडेसातला ये. मी म्हटलं, साडेसातला कशाला? तो म्हणाला, बाकीचे आठला येतात.

साडेसातला माझ्यापुढे चाळीस माणसं होती.

वैभवी म्हणाली होती, माझे स्की आणू नकोस, घरातल्या एकानं तरी दोन पायांवर ऑफिसला जायला हवं. म्हणून दोघांचेच घेतले. इराचे स्की पंचवीस युरोंना, त्यावर 'माक्सिमिलियान' असं दुसऱ्याच कुणाचं नाव. हेल्मेट मात्र नवंच घे, असं उवेनं बजावलेलं, ते घेतलं. मग माझे बूट. प्लास्टिकचे, घोट्यापर्यंत नाही, नडगीपर्यंत. त्यात पाय घालताना मला आमच्या गल्लीतला प्लास्टर घातलेला सुमित आठवला. विकणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, 'दुखतंय?' म्हटलं, खूप. त्या म्हणाल्या, 'मग मापाचे आहेत.'

गेनाऊ, म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

सगळं मिळून दोनशेच्या आत बसलं. मला वाटलं, झालं, जिंकलो. मग कळलं की स्वस्त डोंगर स्वस्त का असतो. त्याच्यावर बर्फ नसतो! महाग डोंगर उंच, तिथे यंत्रानं बर्फ उडवतात. आमची आल्ब बुटकी, तिला पडेल तो बर्फ. क्लबचा एक फोन नंबर असतो, तो लावला की रेकॉर्ड केलेल्या आवाजात एक आजोबा सांगतात लिफ्ट चालू आहे का ते. मी रोज सकाळी लावायचो. 'आज लिफ्ट बंद. वर हिरवं आहे.' डिसेंबर गेला. 'आज लिफ्ट बंद. पाऊस आहे.' जानेवारी गेला. शेवटी शेवटी आजोबांचा आवाज मलाच धीर दिल्यासारखा यायला लागला. इकडे इरा दिवाणखान्यात गालिच्यावर स्की घालून उभी राहायची आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिना चढून वर यायचे.

आणि फेब्रुवारीत एका मंगळवारी आजोबा म्हणाले, 'चौदा सेंटिमीटर. एक वाजल्यापासून चालू.' म्हणजे अक्षरशः गहिवरून म्हणाले. मी दाराच्या आवाजाची मीटिंग सोडून निघालो, इराला शाळेतून घेतलं, आणि आल्ब गाठली.

इराला क्लबच्या एका ताईनं मुलांच्या गटात घेतलं. त्यांचं शास्त्र सोपं : स्कीची टोकं जुळवली की पिझ्झा, म्हणजे थांबायचं, सरळ ठेवली की फ्रेंच फ्राइज, म्हणजे सुटायचं. इराला पंधरा मिनिटांत जमलं. मला पिझ्झा जमेना. मी सगळीकडे फ्राइजच. पण मला वाटलं, एक फोटो हवा, वर जाऊन काढू, म्हणून मी लिफ्टकडे गेलो.

आता लिफ्ट म्हणजे काय, तर एक फिरती तार, तिला लोंबणाऱ्या दांड्या, दांडीच्या टोकाला थाळी. ती थाळी पायांच्या मधून मागे घ्यायची आणि उभं राहायचं, ती ढकलत नेते. बसायचं नाही.

मी बसलो.

बसलो तो आडवा झालो, आडवा झालो तो मागे घसरलो, मागची दोन माणसं माझ्यावर, लिफ्ट थांबली, आणि कर्ण्यातून तोच फोनवरचा आवाज आला, माझे ते आजोबा : 'निळ्या जाकिटातल्या गृहस्थांनी कृपया डावीकडे लोळावं.' मी लोळलो. लोळून जिथे थांबलो, तिथे दोन जोड बूट होते. वर पाहिलं, तर लेओनी आणि लेओनीची आई.

'हेर साठे? तुम्ही तर काळ्या उतारावरून येता ना?' लेओनीची आई चेष्टा करत नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. आणि त्यांच्या मागे, सरसर येऊन, सुंदर पिझ्झा करून, इरा थांबली. तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा बर्फाहून पांढरा.

मी काय करणार, सांगा. बर्फात पडल्या पडल्या म्हटलं, गुडघा... जुनी दुखापत... अचानक उसळली. मला वाटलं, मिटलं. पण लेओनीची आई निघाली नर्स. 'हलू नका,' म्हणाली, 'मी बचाव पथकाला बोलावते.' फोन काढला. ते लोक स्ट्रेचरची घसरगाडी घेऊन येतात, पट्ट्यांनी बांधून नेतात. मी तोंड उघडलं, सवयीनं गेनाऊ यायला लागलं होतं ओठांवर...

तेवढ्यात इरा बोलली. अगदी हळू, जर्मनमध्ये. की बाबाच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. त्याला स्की येतच नाही. तीसुद्धा आज पहिल्यांदा आली. गेल्या वर्षी ते स्कीला गेलेच नव्हते, त्यांनी कपाट आणलं होतं.

लेओनी विचार करून म्हणाली, 'केवढं कपाट?'

इरानं हात वर करून दाखवलं, एवढं. आणि लेओनीच्या आईनं फोन खिशात ठेवला, जरा इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाली, 'खरं सांगू का? आम्हीही यंदा ऑस्ट्रिया रद्द केलं. परवडतच नाही आता. पण वर्गात सांगू नकोस असं मी लेओनीला म्हटलंय.' नर्सबाई, इथेच जन्मलेल्या, तीन वर्षांच्या असल्यापासून स्की करणाऱ्या. त्यांनाही लाज.

मी तसाच आडवा. तर इरा वाकली आणि माझ्या कानाशी मराठीत म्हणाली, 'बाबा, आता ऊठ ना. सगळे बघतायत.' घराबाहेर, लोकांत, मराठीत! चार वर्षांत पहिल्यांदा. मी उठलोच असतो हो, एका झटक्यात उठलो असतो. पण त्या बुटांतून उठता येत नाही. मग दोन्ही मुलींनी मिळून उठवलं.

त्या दिवशी फोटो काढायचा राहूनच गेला. घरी येताना इरा गाडीत झोपली, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं हे प्रकरण.

संपतंय कुठलं? पुढच्या शनिवारी क्लबच्या त्या ताईनं मला बाजूला घेतलं. म्हटलं, काही मोडलं की काय. ती म्हणाली, हेर साठे, मी वीस वर्षं मुलांना शिकवतेय, तुमच्या मुलीचा तोल काही वेगळाच आहे, तिला शर्यतीच्या गटात घालू या. माझा ऊर भरून आला. मग म्हणाली, त्यासाठी दोन जोड्या स्की लागतात, लांब वळणांचे वेगळे, छोट्या वळणांचे वेगळे, आणि हो, दर वर्षी नवे, कारण मुलं वाढतात. आणि सराव आल्बवर होत नाही, आल्बवर बर्फ कुठे असतो? त्यासाठी ऑक्टोबरात हिमनदीवर जायचं. हिमनदी कुठे? ऑस्ट्रियात.

तिच्या मागे इरा उभी. हेल्मेट घातलेली, नाक लाल, डोळे माझ्यावर.

गेनाऊ, म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

आता घरी माझे बूट तळघरात आहेत. पुढच्या बाजारात विकायचेत, गिऱ्हाईक आलं तर 'दुखतंय? मग मापाचे आहेत' असं सांगायला मी तयार आहे. वैभवीनं यंदाचं पुणं पुढच्या वर्षावर ढकललं आणि लॅपटॉप मिटला. पास फक्त इराचा काढतो. दर शनिवारी ती आणि लेओनी वर जातात आणि मी पायथ्याशी उभा असतो, चार तास, थर्मास आणि दोघींचे पाव घेऊन. स्वस्तात स्की करायचे बरेच मार्ग शोधले मी, त्यातला हाच एक शेवटी परवडला. नुसतं खाली उभं राहायला अजून तरी तिकीट लागत नाही.

पार्किंगचे पाच युरो घेतात.