उंची वाढवायची पावडर

आमच्याच घरातलं सांगते. माझी सातवीतली लेक जरा ठेंगणी हाय. वर्गात चिडवतात म्हणून ती शाळेत जायला रडायची. ते बघवेना म्हणून ह्यांनी उंची वाढवायची पावडर विकणाऱ्या मित्रालाच धारूरहून घरी बोलावलं. मी त्या मित्रानं आणलेला डबा उलटापालटा करून पाहिला, तर आत काय हाय ते कुठंच लिहिलेलं न्हाई.

"भाऊजी, यात काय काय टाकलंय?"

"वहिनी, सगळं रानातलं हाय. त्यानं काय होतंय?"

"आमच्या बांधावरचा धोतराबी रानातलाच हाय. तो देऊ का पोरीला?"

ह्यांनी डबा उचलून भाऊजींच्याच पिशवीत ठेवला अन् मला म्हणले, "पोरीला उद्या डॉक्टरकडं नेऊ. आता ह्याला चहा टाक."