चित्रातला बाक

(भर दुपार. वसाहतीच्या रस्त्यांवरून हळू फिरणारी गाडी. मोठी बहीण गाडी चालवते आहे, धाकटा भाऊ शेजारी बसला आहे.)

ताई : आता डावीकडे वळू का?

धाकटा : इथून मगाशीच गेलो आपण, ताई.

ताई : कशावरून? तेच फाटक, तीच भिंत, तोच पिवळा रंग. तुझ्या या वसाहतीत बाबाच काय, मीसुद्धा हरवेन.

धाकटा : घरं मी नाही आखली. माझ्याकडे फक्त मोकळ्या जागा होत्या.

ताई : त्या दाखव मग. सकाळपासून शोधते आहे. बाबांनाही आणि मोकळ्या जागेलाही.

धाकटा : टोमणे नंतर मार. कोणाला तरी विचारू या.

ताई : विचार ना! माणूस दिसला तर विचार. इथे दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. पायी चालणारा म्हणजे एक तर चोर, नाही तर आपले बाबा.

धाकटा : पण दार उघडं कसं राहिलं?

ताई : आलं का माझ्यावर! अंघोळीला गेले होते मी. तेवढीही चोरी आहे का मला? तू कधीतरी उगवतोस, फळं ठेवतोस, बाबांच्या पाठीवरून हात फिरवतोस आणि सुटतोस.

धाकटा : चुकलं माझं. पहारेकरी काय म्हणाला ते नीट सांग.

ताई : म्हणाला, आजोबा फाटकाजवळच्या त्या मोठ्या फलकासमोर उभे होते. बराच वेळ. मग त्याला विचारलं, "मी बसलोय तो बाक कुठे आहे?" तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा चळलाय.

धाकटा : फलकावर बाबाच आहेत.

ताई : काय?

धाकटा : जागेचं चित्र करताना त्यात माणसं चिकटवावी लागतात. नुसती झाडं दाखवली तर भकास दिसतं. सगळे तीच ती तयार माणसं वापरतात. मला वाटलं, आपले बाबा बसवू. मी गच्चीत खुर्चीवर बसवून त्यांचा फोटो काढला होता, आठवतं? खुर्ची पुसून टाकली, तिथे बाक काढला.

ताई : आणि मला वाटलं, लेकाला बापाची आठवण म्हणून हवाय फोटो.

धाकटा : तेही होतंच गं.

ताई : बरं, तो बाक कुठे आहे? तिकडेच गेले असणार.

धाकटा : बाक नाहीये.

ताई : म्हणजे?

धाकटा : एकही बसवला नाही. कंपनी म्हणाली, इथे चालतंय कोण आणि बसणार कोण? उगाच टवाळ पोरं जमतील. सगळे बाक रद्द केले. मी भांडलो थोडा. तुमच्याच गच्चीतून फोनवर, बाबा शेजारी होते.

ताई : थोडा.

धाकटा : थोडाच. पुढचं कामही त्यांच्याकडूनच यायचं होतं.

ताई : आणि फलक मात्र तसाच?

धाकटा : घरं विकायची आहेत ना अजून.

ताई : चित्रात बाबांच्या मागे काय आहे?

धाकटा : तळं.

ताई : ते तरी आहे का?

धाकटा : खड्डा आहे. खणून तसाच सोडलाय, शेवटच्या घरांच्या पलीकडे. पण बाबांना कसं कळणार?

ताई : तूच नाही का त्यांचं बोट नकाशावर ठेवून सांगायचास, "रस्ता संपतो तिथे तुमची जागा, बाबा"? सकाळी काय खाल्लं ते विसरतात, पण हे बरोबर धरून ठेवलंय त्यांनी. सरळच घेते गाडी.

धाकटा : ताई, तिकडे सावलीसुद्धा नाही.

ताई : माहीत आहे. बोलू नकोस आता, नुसतं बघ.

धाकटा : तो मातीचा ढीग... पांढरा सदरा. थांबव, थांबव गाडी!

ताई : बाबा! अहो बाबा! पाण्याची बाटली आण रे. ओठ बघ कसे फुटलेत. आणि चपला? चपला कुठे टाकल्या, बाबा? तळवे पार भाजलेत.

धाकटा : उठा बाबा. माझ्या खांद्यावर हात टाका. घरी जाऊ.

बाबा : नको.

ताई : अंग नुसतं पेटलंय हो तुमचं! हट्ट करू नका, उठा.

बाबा : मी उठलो तर घोटाळा होईल.

धाकटा : कसला घोटाळा?

बाबा : तूच म्हणत होतास ना फोनवर? कोणी बसत नाही म्हणून बाक काढताहेत.

धाकटा : बाबा...

बाबा : मी सकाळपासून बसलोय. सांग त्यांना.