फाळक्यावरचा हात

भावना : घड्याळ तुमच्या डोक्यावरच भिंतीले लागून हाय. टाइम पाहाले फोन कायले काढा लागते?

रविंद्र : सेठचा मेसेज आला का, ते पाहून राहिलो.

भावना : मेसेज पाहून राहिले तर अंगठा काहून वर सरकून राहिला? मले इथून दिसते. ठेवा तो. अन् पांढरा शर्ट द्या इकडं, इस्त्री करून देते. आई अन् वेदिका कधीच्या विहारात जाऊन बसल्या.

रविंद्र : शर्ट राहू दे. मी नाही येत आज वंदनेले. दहा वाजता सेठनं चौकीत बोलावलं. बुधवारच्या ॲक्सिडेंटचा जबाब हाय. सही केली का मामला खतम.

भावना : कोणाचा मामला खतम?

रविंद्र : आपला. गोदामाचा.

भावना : अन् महादेवरावचा?

रविंद्र : त्यायचं लायसन जाइन. केस चालन थोडे दिवस. साठीले आलेच हायेत ते, अजून किती वर्षं ट्रक चालवतीन?

भावना : जबाब वाचून दाखवा मले.

रविंद्र : तू काय करतं वाचून?

भावना : दाखवा म्हटलं ना.

रविंद्र : घे, आयक. "मी गोदाम सुपरवायझर असून ट्रक मागे घेतेवेळी त्याच्या मागच्या झडपेजवळ, म्हणजे फाळक्याजवळ, उभा होतो. हमाल देवाजी हा माल उतरवण्याच्या धक्क्यावर फळी लावत असल्याचे पाहून मी फाळक्यावर दोनदा जोरात हात मारून गाडी थांबवण्याचा इशारा केला. परंतु चालकाने तो ऐकला नाही." बस. इतकंच हाय.

भावना : दोनदा हात मारला?

रविंद्र : अकरा वर्षं झाले मले त्या धक्क्यावर. तुले मालूम नाही का?

भावना : मालूम हाय. वेदिकाची तीन चाकाची सायकलही तुम्ही तशीच मागं घ्यायचे. टप टप टप चालू हाय तोवर येऊ दे, दोन जोरात मारले का थांब. मी तुम्हाले विचारून राहिली, बुधवारी ते दोन मारले का?

रविंद्र : लिवलं हाय ना.

भावना : ते सेठनं लिवलं. तुम्ही सांगा.

रविंद्र : मारले.

भावना : बरं. मंग आता मी सांगते, तुम्ही आयका. दिवाळीले आपलं काय ठरलं होतं? मोठा फोन घरी, पिठाच्या डब्यात. ड्युटीवर बटनवाला. मी नव्हतं ठरवलं, तुम्हीच ठरवलं. झोपेत तुमचा अंगठा माया दंडावर सरकत होता, वर, वर, वर. मी उठवलं तर तुम्हीच घाबरले.

रविंद्र : त्याच्यानंतर पाळलंच ना मी.

भावना : काय पाळलं? पहिले पंधरा मिनटाचं टायमर लावलं. रोज त्यावर "अजून पंधरा मिनटं" दाबलं. मंग कोणीतरी सांगतलं म्हणून फोनचा रंग काढला, तर तुम्ही व्हिडिओतल्या काळ्या-पांढऱ्या बकऱ्या पाहत बसले. मंग डबा. बुधवारी दुपारी अंगणवाडीतून आली, भाकरीसाठी पीठ काढाले डबा उघडला. फोनची पिशवी होती जागेवर. वजनही बराबर होतं. पण मले काय वाटलं काय माहीत, उघडून पाहिली. आत टीव्हीचा रिमोट, रुमालात गुंडाळून.

रविंद्र : एकच दिवस नेला होता फोन.

भावना : त्या रिमोटच्या बटनायमध्ये पीठ जमून होतं. एका दिवसात नाही जमत तेवढं. अन् तिकडं घरभर रिमोट शोधून शोधून वेदिकाले मी दोनदा बोलली. पोरीवर आळ घेतला.

रविंद्र : तीन हप्ते झाले. बस? आता झालं तुयं समाधान? डबा खाताना पाहतो मी. मुताले गेलो का पाहतो. गाडी लागून राहिली असताना कधी—

भावना : बुधवारी गाडी किती वाजता लागली?

रविंद्र : बारा वाजाचे होते.

भावना : ॲम्बुलन्सले फोन गेला अकरा शेचाळीसले. देवाजीची बायको पंचफुला रडत रडत हेच सांगत होती सगळ्यायले, का एका मिनटात फोन केला गोदामवाल्यायनं. मी बसून होती तिच्याजवळ दवाखान्यात. डॉक्टरनं पायाचा पंजा काढून टाकला म्हणून बाहेर येऊन सांगतलं, तवाही मीच होती तिले धरून. तिथंच बसल्या बसल्या मी माया फोन पाहिला. तुमच्या नंबरावरून स्कूटरवर बसलेल्या बकरीचा व्हिडिओ आला होता. अकरा बेचाळीसले.

रविंद्र : तो फोन दे इकडं.

भावना : नाही देत.

रविंद्र : मंग डिलीट कर.

भावना : करायचा असता तर बुधवारीच केला असता.

रविंद्र : भावना, आयक माय. धक्क्याच्या त्या कोपऱ्याले कॅमेरा नाही. बाकीचे हमाल आत पोते लावून राहिले होते. देवाजीची पाठ होती इकडं, तो वाकून होता. कोणी नाही पाहिलं. माया फोनमधून मी त्याच दिवशी काढून टाकलं सगळं. आता ते फक्त तुया फोनात हाय.

भावना : म्हणजे इतका हिशेब होता तुमच्या डोक्यात. अन् मी चार दिवस वाट पाहून राहिली. म्हटलं आज जेवताना सांगतीन, आज झोपाच्या आधी सांगतीन. तुम्ही मस्त ताट पुसून जेवले.

रविंद्र : मस्त नाही जेवलो. अन् सांगून काय होइन? देवाजीचा पंजा वापस येइन? नोकरी जाइन मायी. केस माया अंगावर येइन. वेदिकाचं काय करशीन?

भावना : त्या टाइमले तुमचा हात कुठं होता, ते सांगा पहिले.

रविंद्र : फाळक्यावर.

भावना : काय करून राहिला होता?

रविंद्र : मारून राहिला होता. डाव्या हातात फोन, उजवा फाळक्यावर. टप टप टप. हाताले आदत पडली हाय, भावना. त्याले मी लागतच नाही. मी तिथं नव्हतोच. हात म्हणत होता येऊ दे, अन् महादेवराव येऊ देत होते. तिथं त्यायच्या एका आरशात भिंत दिसते अन् दुसऱ्यात पाण्याची टाकी. सगळं कानावरच चालते. देवाजी वरडला तरी हात चालूच होता माया.

भावना : पण व्हिडिओ तर तुम्ही बेचाळीसलेच पाठवून दिला होता. मंग त्याच्यानंतर काय पाहून राहिले होते?

रविंद्र : खरं सांगू?

भावना : सकाळपासून तेच तर मागून राहिली.

रविंद्र : तुयं उत्तर. तू हसायचे तोंडं पाठवले. तीन. मंग काहीतरी लिवून राहिली होती. वर "टायपिंग" यायचं, जायचं, पुन्हा यायचं. मी त्याचीच वाट पाहून राहिलो होतो.

भावना : माया उत्तराची?

रविंद्र : बारा वाजाच्या टाइमले अंगणवाडीत लेकरं जेवून राहिले असतीन ना? तुयाही हातात फोन होताच. मले चोर म्हणतं. काय लिवून राहिली होती, तेवढं तरी सांग.

भावना : "ही बकरी चालते तर आईसारखी." लिवलं. मंग वाटलं, तुमच्या आईले बकरी म्हटलेलं तुम्हाले चालन का नाही. पुसलं. पुन्हा लिवलं.

रविंद्र : पाठवलं काहून नाही मंग?

भावना : एका पोरीच्या वाटीतली गरम खिचडी तिच्या मांडीवर सांडली. मी तिच्याजवळच बसून होती. मले दिसली नाही ती.

रविंद्र : हे तू सांगतलं नाही मले.

भावना : तुम्ही काय सांगतलं मले? जास्त नाही भाजलं, पण भाजलं. म्हणून तर चार दिवस मी चूप होती. तुमच्यावर बोट उचलाले गेली का माया फोनातले ते तीन तोंडं हसतात. शरम वाटते मले. तुमचीही वाटते अन् मायीही.

रविंद्र : तर मंग दोघंही चूप राहू. सही करतो, अन् आजपासून दोघायचेही फोन डब्यात. आईची शपथ.

भावना : डबा झाला तुमचा. डब्यात रिमोट ठेवून तुम्ही मलेच फसवलं ना? तुमच्या बाबानं दारू सोडली ती बाटली लपवून नाही सोडली. आईच सांगते. विहारात उभे राहिले अन् सगळ्यायसमोर म्हणाले, मी पेतो, माया हातून सुटून नाही राहिली. त्याच्यानंतर सुटली.

रविंद्र : दारूची गोष्ट वेगळी हाय.

भावना : वेगळीच हाय. दारू पेऊन फाळक्याजवळ उभे असते तर कोणाले तरी वास आला असता. नऊ वाजता सगळे पंचशील म्हणतीन. आज नाही गेले, पुढच्या रविवारी तर जान ना? चौथं शील आलं का काय करान? खोटं बोलणार नाही म्हणतीन सगळे, तुम्ही नुसते ओठ हलवान?

रविंद्र : बस झालं, भावना.

भावना : मी नाही हलवणार. मी उठून बाहेर येइन.

(दारावर कोणीतरी हळूच हात मारतं. भावना दार उघडते. महादेवराव चपला काढून आत येतात.)

महादेवराव : हायेस का गा रविंदर?

भावना : या काका. बसा. पाणी आणते.

महादेवराव : पानी नोको बाई. सावनेरून पयल्या बसनं निंगालो, थेट वाडीले उतरलो. तुमी इहारात जाऊन राहिले वाट्टे. मी जास्त टाइम नाही घेत.

रविंद्र : काका, चौकीत भेटणारच होतो ना आपण.

महादेवराव : चौकीत पोलिसाईच्या समोर इचारता नसतं आलं गा. तू सही कर बावा, मी त्याच्यासाठी नाही आलो. तू जे सांगतलं थे मले कबूल हाय. तू कायले खोटं बोलशीन? फकस्त येक इचाराचं होतं.

रविंद्र : काय?

महादेवराव : थे दोन हात तू किती जोरात मारले?

रविंद्र : काका…

महादेवराव : नाही, म्हंजे नेहमीसारखेच मारले का हळू पडले? राग नोको मानू. काल मी कानाच्या डाक्टरकडं गेलतो. त्यानं येका खोलीत बसवलं, कानाले थे लावलं, शिटी आयकू आली का बोट उचला म्हने. म्या सगळ्या शिट्याईले बोट उचललं. डाक्टर म्हन्ते, बुढेबा, तुमचे कान पोट्ट्यासारखे हायेत. मंग तुहे दोन हात कुठं गेले? चार राती झाल्या. डोये मिटले का मले टप टप टपच आयकू येते. थे दोन येतच नाही.

भावना : काका, तुम्ही बसा तरी.

महादेवराव : उभाच बरा हाय मी. येका मानसाचा पाय गेला बाई माह्यानं. पोराले सांगून देल्लं, आता मी वावरात टॅक्टरलेबी हात लावत नाही. उद्या नातू मांगून वरडला अन् मले आयकूच नाही आलं तं? घरचे म्हन्तेत डोक्शात घेतलं यानं. पन माहा मलेच भरोसा नाही राहिला. लायसन गेलं त जाऊ दे. तू फकस्त सांग, हळू पडले होते का?

भावना : तुम्ही सांगता, का मी फोन काढू?

रविंद्र : तू नको काढू. मी सांगतो.

महादेवराव : काय झालं गा?

रविंद्र : तुमचे कान चांगले हायेत, काका.

महादेवराव : डाक्टरबी थेच म्हन्ते.

रविंद्र : डॉक्टर नाही, मी सांगून राहिलो. ते दोन हात मी मारलेच नाही. डाव्या हातात फोन होता माया. हिले एका बकरीचा व्हिडिओ पाठवला होता, अन् ही काय म्हणते ते पाहून राहिलो होतो. देवाजी मले दिसलाच नाही. तुम्ही विचारलं नसतं तर आज मी सही करून येत होतो तुमच्या नावावर.

महादेवराव : अन् उजवा?

रविंद्र : उजवा फाळक्यावर होता.

महादेवराव : चालू होता?

रविंद्र : चालूच होता. देवाजी वरडला तरी चालू होता.

भावना : काका, एकटे हे नाही त्यात. तिकडून मीही…

महादेवराव : थांब बाई. थांब जराशीक. टप टप टप?

रविंद्र : हो. दोन नव्हतेच. चौकीत मी हेच सांगतो आता, हिच्या फोनात टाइम हाय, तोही दाखवतो. तुमच्यासंगच येतो. शिव्या द्या मले काका, दोन थोबाडात ठेवा.

महादेवराव : मंग म्या बराबरच आयकलं गा.