रविवारीच का घुमतं?

…नाही नाही, सर्किट बरोबर होतं! ते आधी कबूल करा, मग हसा! मुंबईहून सामानाचं पार्सल मागवलं, नकाशाबरहुकूम एकेक तार या हातांनी जोडली, झाळताना चटका बसला तो हा बघा, अजून डाग आहे… आणि गल्लीत काय बोलतात? "लक्ष्मीकांतजी के घर में कुछ है!" कुछ है? अहो, प्रीॲम्प्लिफायर आहे! ग्रामोफोनच्या सुईचा बारीक आवाज मोठा करून रेडिओत सोडायचा, बस. दोन काचेचे व्हॉल्व्ह आणि एक पत्र्याचा डबा. त्यात 'कुछ' शिरणार कुठून?

आता ही उठाठेव केली कशाला? तर बायकोसाठी. कुमुदिनीची आई ती लहान असतानाच गेली. फोटो आहे. पण एकदा पोळी लाटता लाटता ही थांबली आणि म्हणाली, "अहो, आई मला हाक कशी मारायची, तेच आठवत नाहीये मला." आणि परत लाटायला लागली.

आणि आवाज होता हो! तिचे मामा, नानासाहेब, होळकर सरकारच्या नोकरीत होते. त्यांनी त्या काळी कुठल्याशा साहेबाचं मशीन घरी आणवून बहिणीचं गाणं प्लेटवर उतरवून घेतलेलं. पण उतरलं इतकं बारीक, की साध्या ग्रामोफोनवर नुसती खरखर! आणि प्लेट अशी नाजूक, की सुई फिरली की झिजलीच. नानासाहेब ती कुणाच्या हातात देतील तर शपथ! राहतात इंदुराबाहेर बेटम्याला, येतात फक्त रविवारी, मोटरने. डोक्याला पागोटं, आणि प्लेट रेशमी सोवळ्यात गुंडाळून मांडीवर. आले की म्हणायचे, "जावईबापू, आधी यंत्र गप्प करा. आमची ताई गोंगाटात गात नसे."

आणि यंत्र… घुंऽऽऽऽऽ!

तुम्हाला सांगतो, साधं घुमणं नाही ते. कुणीतरी तोंड मिटून, भिंतीकडे तोंड करून बसलंय आणि आतल्या आत… घुंऽऽऽ. मी व्हॉल्व्ह बदलला. ट्रान्सफॉर्मर लांब सरकवला. तारांना पीळ दिला. सोमवारी ऑफिसातून येऊन बघतो, तर चूप! मंगळवारी चूप. शनिवारी रात्री कान लावला, एकदम शांत. म्हटलं जमलं! आणि रविवारी नानासाहेब पागोटं काढतात न काढतात, तो घुंऽऽऽ! सर्किट बरोबर असताना!

घुमणं तारेतून जमिनीत उतरावं म्हणून अर्थिंगसुद्धा फर्स्ट क्लास दिलेलं, बरं का. अंगणात तुळशीवृंदावन आहे, कुमुद रोज तांब्याभर पाणी घालते, माती सदा ओली. मी म्हटलं, याहून चांगली जागा अख्ख्या इंदुरात कुठे मिळणार? सळई तिथेच गाडली, तार आत घेतली. आहे की नाही डोकं?

पण खरी धडकी कधी भरली सांगू? एका रविवारी कुमुद चहा घेऊन मशीनपाशी आली, आणि घुमणं वाढलं! मागे सरली, कमी. पुढे आली, वाढलं! हातातल्या कपबशा वाजायला लागल्या तिच्या. मी ओरडतोय, "अगं, शरीर जवळ आलं की असं होतं, विज्ञान आहे ते!" पण हिने डब्यावर अलगद हात ठेवला, आणि ते… जरासं निवलं हो. रडणारं पोर थोपटल्यावर निवतं ना, तसं. कुमुदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी विज्ञान सांगायचं बंद केलं.

तेवढ्यात समोरच्या काकीजी दारात! यांना आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं. "भैयाजी, सासूजी कौन से दिन गुजरी थीं?" मी म्हटलं, रविवारी. "बस! इतवार को गईं, इतवार को ही आती हैं!" अरे वा! म्हणजे बाकीचे दिवस काय सुट्टी? पण बोलणार कोण? याच काकीजी कुमुदच्या गुरू. मंगळवारी केस धुवायचे नाहीत, रविवारी तुळशीला पाणी घालायचं नाही, तुळसमाईचा उपवास असतो म्हणे, झाडू उभा ठेवायचा नाही… आई नसलेल्या पोरीला कुणीतरी सांगणारं हवं असतं, म्हणून मी गप्प.

मग मे महिना आला, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा! आणि नानासाहेबांनी जाहीर केलं, "आम्ही मुलाकडे जबलपूरला निघालो, कायमचे. प्लेट सोबत नेतोय. हा शेवटचा रविवार." कुमुदने आईचा फोटो पुसून मशीनशेजारी ठेवला. माझा नवस बोलायचा तेवढा राहिला होता. बटण दाबलं…

घुंऽऽऽऽऽ! आणि असं, की फोटोची काच थरथरायला लागली!

नानासाहेबांनी प्लेट परत गुंडाळायला घेतली. कुमुद हात जोडून म्हणते, "आई, काय चुकलं गं माझं?" माझं डोकंच फिरलं! सर्किट बरोबर आहे, चूक कुणाचीच नाही, आणि माझी बायको हात जोडून माफी मागतेय? हातात पाण्याचा तांब्या होता, तो संतापून दाराबाहेर भिरकावला! पाणी सगळं तुळशीत. माती चर्र झाली, आणि आत… घुंऽऽ… चूप.

कुणी गळा धरावा तसं चूप. काकीजी दारातच मट्‌कन बसल्या. मी तुळशीकडे बघतोय, तारेकडे बघतोय… रविवार! उपवास तुळशीला, आणि तहान लागली माझ्या अर्थिंगला! भेगेत सळई उघडी पडलेली! ओरडून सांगणार, तो नानासाहेबांनी बोट वर केलं. "बोलू नका." आणि प्लेट ठेवली.

गाणं लागलं. काय सांगू… पातळ, गोड, जरा नाकातला आवाज. कुमुद पापणी हलवेना. गाणं संपलं, सुई फिरत राहिली. मी उचलणार, तो प्लेटवरच्या बाई खाकरल्या. "झालं का रे नाना?" नानासाहेबांचा हुंदकाच फुटला. आणि मग, अगदी खोलीत असल्यासारखं, "कुमेऽ… तुळशीला पाणी घातलंस का गं?"

आणि माझी बायको, तुम्हाला सांगतो, जागची न हलता म्हणाली, "हो, आई."

अहो, घातलेलं तर मी होतं!

"ते गाणं उतरवलं," नानासाहेब डोळे पुसत म्हणाले, "तोही रविवारच होता." प्लेट त्यांनी कुमुदच्या ओटीत घातली आणि गेले. पण काकीजी हार मानतील? "पानी मर्द ने डाला ना? तो चलेगा। औरत ने नहीं डालना।" झालं! घरात मर्द एकच. दर रविवारी तांब्या माझ्याकडे.

मग पावसाळा सरला आणि आमचं ऑफिस हिवाळ्यापुरतं उठलं ग्वाल्हेरला. म्हटलं, सुटलो! तिथे खोली भाड्याची, तुळस नाही, रेडिओ नाही, मशीन इंदुरात. पहिल्या रविवारी पहाटे अंथरुणात पडलोय, आणि भिंतीतून… घुंऽऽऽ.

सर्किट बरोबर होतं, भिया. पण तिथे सर्किटच नव्हतं!

आता दर रविवारी उठतो, घरमालकाच्या कुंडीत तांब्याभर पाणी घालतो… थांबतं. कुंडीत काय आहे म्हणता? निवडुंग.