डावा स्पीकर

नाही हो शेठ, बास नको म्हणतोय मी — ती धडधड घेऊन काय करू, मी काय दोस्त घेऊन लोणावळ्याला चाललोय? भाड्याची गाडी आहे, पिवळी पाटी दिसतेय ना — सकाळी सहाला मानखुर्दहून निघायचं, मग अंधेरी म्हणा, मुलुंड म्हणा, जिथलं भाडं लागेल तिथं. मला आवाज साफ पाहिजे. मोठा नाही, साफ. ती मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई आहे ना — बोलते, पण तोंडात घास धरून बोलल्यासारखी. डावीकडे म्हणाली का उजवीकडे, कळत नाही, मग स्क्रीनकडे बघावं लागतं, आणि मी स्क्रीन बघत बसलो तर समोरचं कोण बघणार? म्हणून म्हटलं, कंपनीचे ते कागदी स्पीकर एकदाचे काढून टाकू. अ‍ॅम्प्लिफायर? नको नको, माझी ऐपत नाही तेवढी. चार हजारांत बसेल तेवढं बसवा — पुढचे दोन दरवाजे फक्त, मागचे राहू द्यात, मागे बसणारा तसाही स्वतःच्या कानात बोंडं घालून बसतो. हां, तेच म्हणतोय मी, टेप कंपनीचाच राहू दे. आणि वायर कापायची नाही हां — कपलर लावा, वॉरंटी आहे अजून. आणि दरवाज्याच्या आतून ती शीट चिकटवता ना तुम्ही, पत्रा वाजू नये म्हणून — ती लावा, तिच्यात कंजुषी नको.

पहिला डावा उघडा. तोच बंद आहे. तीन महिने झाले — गाणं लावलं की सगळा आवाज माझ्याच बाजूने, उजव्या दरवाज्यातून, आणि डावीकडे सन्नाटा. चेंबूरला एकाकडून कंपनीचाच दुसरा टाकून घेतला, तर तसाच. घाटकोपरला दुसऱ्याला दाखवला, तो म्हणे, काका, चालू आहे, मस्त वाजतोय. मस्त! मला काय येडा समजतात का? शेवटी आमच्या बिल्डिंगमधला माणिक म्हणाला, अंबादास, कुर्ल्याला श्यामसुंदरशेठकडे जा, तो माणूस खोटं बोलत नाही. म्हणून आलो. — काय? — जरा मोठ्याने बोला शेठ, ट्रक किती चाललेत बघा — थांबा, मीच तिकडून येतो. हां, बोला आता. ओरखडा? तो होय. तो आमच्या गेटचा खांब. गेट अरुंद आहे, रिव्हर्स घेताना — अहो, रिव्हर्सला पुढचं तोंड फिरतं ना, तेव्हा पुढच्या दाराला पण लागतं. तुम्ही स्पीकरचं बघा.

चालू द्या तुमचं, मी आपला बोलतो. हल्ली गप्प बसवत नाही मला. गाडीत एकटा असलो तरी बोलतो, कशाचा तरी आवाज चालू राहिला पाहिजे, कारण शांत झालं ना, की डाव्या बाजूला एक — कसं सांगू — कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते बघा, सूंऽऽ करून, तसं सुरू होतं. एसीचं असेल काहीतरी. घरी पण येतं. घरी — घरी पंखा आहे, पंख्याचं असेल. दीप्ती म्हणते, पप्पा, कान दाखवून या. दीप्ती म्हणजे माझी मुलगी, चेंबूरला बँकेत आहे, गाडी पण झकास चालवते, मीच शिकवली. तिच्यावर असा ओरडलो ना त्या दिवशी — म्हटलं, बावीस वर्षं गाडी चालवतोय, एक पावती नाही फाटली कधी, आणि तू मला बहिरा ठरवतेस? दोन वर्षांपूर्वी लायसनला डॉक्टरचा दाखला दिलाय मी! आता तो दाखला कसला — डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काही आजार आहे का विचारलं, मी नाही म्हटलं, त्याने सही ठोकली. कानाचं कोण विचारतंय. पण दाखला तो दाखला. बरं, भाडं बसलेलं असतं, ते काही सांगतं, मी हां हां करतो, आणि गाडी पुढे गेल्यावर कळतं की तो इथेच थांबा म्हणत होता. 'काका, किती वेळा सांगू?' — असं म्हणतात तोंडावर. मी म्हणतो, स्पीकर खराब आहे. — आता त्याच्या बोलण्याचा आणि स्पीकरचा काय संबंध, हे माझं मलाच — असो. आमची मंडळी आहे ना, सुंदराबाई, ती तीस वर्षं जेवताना माझ्या डाव्या हाताला बसायची. गेला महिनाभर उजवीकडे बसते. मी विचारलं, का गं, जागा का बदललीस? तर म्हणाली, तिकडे वारा लागतो. मे महिन्यात, शेठ. वारा लागतो म्हणे.

बसले दोन्ही? लगेच? मानलं तुम्हाला. लावा, लावा गाणं, कुठलंही लावा, मी बसतो माझ्या सीटवर — वा! वा शेठ, काय साफ आवाज आहे, त्या गाणाऱ्या बाईचा श्वास पण ऐकू येतोय. पण डावा? डावा लागलाच नाही ना. लागला कसा म्हणता, मी बसलोय ना इथे, सगळं माझ्याच बाजूने येतंय. तोच फॉल्ट बघा, तुमच्याकडे पण तोच — बॅलन्स? करा की, सगळा डावीकडे करा. केला? कुठे केला, वाजतंय अजून माझ्याच बाजूने, जरा बारीक झालं एवढंच. उजवा पूर्ण बंद केलाय? मग हे वाजतंय काय? — हात? हात कुठे ठेवू? ह्या जाळीवर? हा ठेवला. — काही नाही. गार आहे. आता तिकडच्या — थांबा, वाकावं लागेल, पट्टा काढतो —

थरथरतंय.

परत करा. उजवीकडे हात — गार. डावीकडे — शेठ, हा वाजतोय. बोटांना लागतंय माझ्या, मनगटापर्यंत लागतंय. वाजतोय इथे आणि मला ऐकू येतोय तिकडून. कसं काय? गाणं इथे आहे, माझ्या हाताखाली आहे, आणि मी ते उलट्या बाजूला ऐकतोय. — बंद करा. बंद करा म्हटलं ना! — माफ करा, ओरडलो. बंद करा जरा.

म्हणजे घाटकोपरवाला पण खरंच सांगत होता.

नाही, तुम्ही नका सांगू काही. मला माहीत होतं. माहीत होतं असं पण नाही — म्हणजे उशीवर उजवा कान टेकवून झोपलो की सगळं घर मेल्यासारखं व्हायचं, सकाळचा गजर वाजून वाजून बंद पडायचा, तेव्हा एका बाजूने कळायचं, आणि उठलो की विसरून जायचो. स्पीकर बदलता येतो ना, शेठ. म्हणून मी स्पीकर बदलत फिरत होतो. तुमच्याकडे नसता नीट झाला तर अजून कोणाकडे गेलो असतो. — पण हे असं असेल, तर मग त्या दिवशी — अरे देवा — म्हणजे हॉर्न डावीकडूनच होता.

खांब नव्हता तो.

सतरा दिवस झाले. लिंक रोडला, घाटकोपरकडून मानखुर्दला येताना, भर दुपारी, मागे एक कॉलेजची मुलगी बसलेली. मागून हॉर्न आला, स्कूटरचा, लांबलचक — मी उजव्या आरशात बघितलं. शपथेवर सांगतो, बघितलं, कारण हॉर्न उजवीकडून आला. कोणी नव्हतं. वाटलं, आरशात दिसत नसेल, अगदी दाराला चिकटून असेल, म्हणून वाट द्यायला मी गाडी डावीकडे घेतली. तिला वाट द्यायला घेतली हो! आणि ती डावीकडेच. एक बाई. स्कूटरच्या पुढ्यात दळणाचा डबा ठेवलेला. आवाज काही फार झाला नाही — मला नाही झाला. मागची मुलगी किंचाळली, 'काका, थांबा!', ते मात्र चांगलं ऐकू आलं, एक एक अक्षर ऐकू आलं. मी थांबलो नाही. पाय ब्रेकवर होता शेठ, आणि मी लोक धावताना बघितले, आणि पाय उचलला. आरशात सगळा रस्ता पांढरा, पीठच पीठ, आणि त्याच्यात ती उठून बसली. बसली, एवढं बघितलंय मी. बसली होती. ती मुलगी पुढच्या सिग्नलला उतरून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथून गेलो. पीठ झाडून टाकलेलं. नारळवाला बसतो तिथे, त्याला विचारलं, काल काय झालं होतं इथे — जसं काही मला काहीच माहीत नाही. तो म्हणाला, कोणीतरी रिक्षात घालून नेली, एक हात दुसऱ्या हाताने धरून बसली होती. नाव त्याला माहीत नाही. कुठल्या हॉस्पिटलात, माहीत नाही. तेव्हापासून रोज वाटतं, बिल्डिंगखाली पोलीस उभे असतील. खालून कोणी अंबादास म्हणून हाक मारली तर मला कळत नाही ती कुठून आली, मी चारी बाजूला बघतो. परवा पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना पहिल्याच शीलाला, कुठल्या जिवाला इजा करणार नाही म्हणायचं असतं तिथे — सगळे म्हणत होते, मी नुसते ओठ हलवत होतो, आणि सुंदरा माझ्याकडे बघत होती. घरी कोणाला सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा — आणि तुमची माझी ओळख काय? तासाभराची.

अजून चालवता येईल ना पण? एक कान तर आहे ना चांगला. मोठे आरसे लावतो, तो गोल काचेचा पण लावतो डावीकडे — तुमच्याकडे मिळतो ना तो? काच खाली ठेवून चालवीन, एसी बंद. आरशात बघत — असं डोकं हलवताय तुम्ही, पण गाडीचे हप्ते कोण भरणार आणि ह्या वयात मी दुसरं काय करू? बघा, वाजला. भाडं आलं. विक्रोळी. दहा मिनिटांवर आहे. एक बोट लावायचंय फक्त. — किती छान वाजतो हा मोबाइल, हातात असला की कळतो मला बरोबर. घेतो. हे एक घेतो आणि उद्यापासून — शेठ, माझं बोट थरथरतंय का मोबाइल थरथरतोय?

गेलं. वेळ संपली त्याची.

बरं झालं. नाही, खरंच बरं झालं. तुमचे पैसे घ्या आधी — घ्या, स्पीकर बसवलेत ना तुम्ही, चालू आहेत ना दोन्ही, मग त्यात तुमचा काय दोष. गाडी जरा अशीच बाजूला राहू द्या, तासाभराचा प्रश्न आहे. तुम्ही जा आत, ते निळ्या गाडीवाले साहेब कधीचे उभे आहेत. जा हो. मी नाही जात कुठे, मी दीप्तीला फोन लावतोय.

हॅलो — दीप्ती? हां, मी. कुर्ल्याला आहे, गाडीच्या कामाला आलो होतो. तू निघू शकतेस का आत्ता? ये, गाडी न्यायला ये. नाही गं, बंद नाही पडली, गाडी चांगली आहे. मी पण चांगला — दीप्ती, आजूबाजूला कोण आहे तुझ्या? जरा बाहेर जाऊन बोल. आणि आईला फोन करू नकोस आत्ताच. नंतर आपण दोघंच चौकीवर जाऊ. कशाला ते — आलीस बाहेर? हां. ऐक —