दोघींची बोली

भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर दीपमाला भावाच्या ड्रेसिंगची वाट बघत बसली होती. शेजारी देवगाव रंगारीच्या मनकर्णाबाई आणि त्यांची लेक तनुजा बसल्या होत्या. तनुजाची जुळी बहीण अमृता आत होती.

“पोलिसांपुढं काय बोलली गं अमृता?” मनकर्णाबाईंनी लेकीला विचारलं.

“गीनाशी म्हणली.”

“जमादार म्हणतो, नुसती शी-शी करत होती. शुद्धच नाय तिला.”

“शुद्धीत होती, माय. नवरा उशाशी उभा होता, म्हणून आमच्या बोलीत बोलली.”

“ती लहानपणी खेळात बनवलेली?”

“व्हय. गीना म्हंजी आग. आपली आपण लावून घेतली तर गीनाऊ. दुसऱ्यानं लावली तर गीनाची.”

“पण ती तर शी म्हणली.”

“दुधाचे दात पडले तवा आम्हाला ‘ची’ म्हणता येईना, ‘शी’ निघायचं. नवे दात आले, पण बोलीत ‘शी’च राहिलं.”

“मग सांग की जमादाराला.”

“सांगितलं. त्यानं इचारलं, ही भाषा अजून कुणाला येती? मी म्हणलं, अमृताला.”

दार उघडून नर्स बाहेर आली. दोघींसमोर उभी राहिली आणि तिनं मान खाली घातली.

तनुजानं पदर तोंडात कोंबला. मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत.

“तनुजा, मला शिकव. कसं म्हणली ती?”

“गीनाशी.”

“गीनाशी,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

दीपमालानंही तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला.