सलीमभाई आणि कोरपन्याची दहा मिनिटं

कोरपन्याच्या काटाघरात राउटरसाठी बसवलेली लोखंडी पेटी. अठरा इंच बाय बारा. खाली सहा भोकं, वर एकही नाही, कारण वरून कापसाची धूळ आत जाते. गडचांदूरच्या डेपोत बांबूवर चढवलेला अँटेना, त्याला ताणाच्या तीन तारा. आरमोरीच्या राइस मिलमध्ये उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून पत्रा वळवून केलेली चाळीस फुटांची नळी. आणि आपल्या सगळ्या शाखांतल्या अकरा कॉम्प्युटरांशेजारी लावलेल्या अकरा पाट्या, एकेक हातानं लिहिलेली, प्रत्येकीवर आधी त्या त्या कारकुनाचं नाव आणि मग सूचना.

हे सगळं सलीमभाईंनी स्वतःच्या हातानं केलं. वडील पत्र्याचं काम करायचे, त्यामुळे हात आधीच तयार होता. कॉम्प्युटर नंतर आला.

पेढीचे मालक भय्यासाहेब, सलीमभाईंच्या पत्नी आपल्या भाबी, कोरपना, गडचांदूर, आरमोरीहून सकाळच्या बसनं आलेले सगळे सहकारी. मी वामन. हेड ऑफिसात सर्व्हरच्या खोलीत सलीमभाईंच्या शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं बसलो. ते टेबल गेल्या आठवड्यापासून रिकामं आहे. छातीत दुखतं म्हणून रिक्षानं दवाखान्यात गेले, आणि परत आले नाहीत. बोलायला उभा राहिलोय खरा, पण रोज मी बोलायचो आणि ते ऐकायचे, आज ते नाहीत तर आवाज कुठं टाकावा ते कळत नाही. भाबींनी फोटो नको म्हटलं, म्हणून फोटो ठेवलेला नाही. त्यांना तसंही समोर बसवलेलं आवडत नसे. ते नेहमी दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचे.

खुर्चीचं नंतर सांगतो.

आपलं काम काय होतं, हे भाबींना आणि पाहुण्यांना थोडं सांगायला हवं. आपल्या पेढीचा सगळा हिशेबाचा, वजनाचा प्रोग्राम चंद्रपूरच्या एका सर्व्हरवर चालतो. शाखांमधल्या स्क्रीनवर त्याचं फक्त चित्र दिसतं. मी हे लोकांना समजावायला अर्धा तास घ्यायचो, आकृत्या काढायचो. सलीमभाईंनी कोरपन्यात दोन वाक्यांत उरकलं. "बाई, तुमी कोरपन्यात बसून चंद्रपूरच्या टेबलावर लिहून राह्यल्या. हात तुमचा इथी, कागद तिथी." झालं. समजलं.

मी दहावी शिकलो. कॉम्प्युटरच्या क्लासची पायरी कधी चढलो नाही. जे येतं ते पुस्तकं चाळून, यंत्रं उघडून, चुकत चुकत आलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. सलीमभाईही असेच शिकले. पण आमच्यात फरक होता. मी यंत्राला विचारायचो, ते माणसाला.

फोन आला की मी पहिलं विचारायचो, "तुम्ही काय केलं?" ते विचारायचे, "तुमाले काय दिसून राह्यलं?" आणि समोरचा जे सांगेल ते शब्दन् शब्द वहीत लिहायचे. आरमोरीचे रामाभाऊ म्हणाले, "सायब, बाण वाळूत चालल्यावानी चालते." मी हसलो. यांनी लिहून घेतलं. दोन दिवसांनी मला वही दाखवली. रामाभाऊंचा बाण दरवेळी सकाळी साडेदहालाच वाळूत चालत होता. साडेदहाला काय होतं? गडचांदूरचा डेपो आदल्या दिवसाच्या सगळ्या ट्रकांचे फोटो एकदम पाठवत होता. लाइन भरून जायची. फोटो दुपारी पाठवायला सांगितले, बाण धावायला लागला. मी मात्र त्याआधी दोन दिवस आरमोरीचा माऊस बदला म्हणून भांडत होतो.

आणि ती गेटपासची गोष्ट! गडचांदूरवाले हसून राहिलेत, म्हणजे आठवली. गडचांदूरमध्ये छापायला दिलेला ट्रकचा गेटपास कोरपन्याच्या प्रिंटरवर निघत होता. प्रिंटर चुकीचा जोडला गेला होता, जोडणारा मी. कोरपन्याच्या लोकांनी तक्रार केली का? नाही. त्यांना वाटलं, हेड ऑफिसनं असंच ठरवलं असेल. त्यांनी रोजचे गेटपास पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरजवळ दिले. आठ दिवस! सिमेंटचे ट्रक गेटवर उभे, ड्रायव्हर शिव्या देऊन राह्यले, आणि गेटपास बसनं येऊन राह्यला. सलीमभाईंना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "पाहा वामनभाऊ, आपन किती लोकाइले दबकावून ठेवलं. चूक दिसते, पन फोन नाई करत." मी नुसताच हसलो होतो. त्यांनी त्यातून हे काढलं.

मित्रहो, इथपर्यंत सोपं होतं. आता जे सांगायचं आहे त्यासाठीच मी बोलायला उभा राहिलो.

तीन वर्षांपूर्वीचा कापसाचा हंगाम. सर्व्हर सकाळी फार जड चालायचा. शाखांतले लोक काम झालं की नीट बाहेर न पडता तसेच उठून जातात, आणि त्यांचं अर्धवट काम सर्व्हरवर उघडं राहून जागा खातं, हे मी शोधून काढलं. मीच शोधलं. आणि उपायही मीच केला. जोडणी तुटली की दहा मिनिटांनी सर्व्हरनं ते काम आपोआप बंद करायचं. दहा मिनिटं. सलीमभाई त्या आठवड्यात सुट्टीवर होते. आल्यावर म्हणाले, "कोनाले विचारलं?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? जगभर असंच करतात." सर्व्हर पळायला लागला होता. भय्यासाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. 

मग कोरपन्याच्या मंगलाबाईंचा फोन. मंगलाबाई मागच्या रांगेत बसल्या आहेत, जिनिंगच्या काट्यावर पावती त्या करतात. कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर येते, वजन आपोआप पावतीत उतरतं. बंडी आत जाऊन रिकामी होऊन परत काट्यावर आली की दुसरं वजन. दोन्ही वजनं झाल्याशिवाय पावती पुरी होत नाही, आणि पुरी झाल्याशिवाय जतन होत नाही. बाई म्हणाल्या, "सायब, माही पावती गायब होऊन राह्यली." मी इथून सर्व्हर पाहिला. एकही दोष नाही. म्हणालो, "बाई, इथून सगळं बरोबर दिसतं. बंद करायच्या आधी सेव्ह करत जा." त्या म्हणाल्या, "मी बंदच नाई केलं जी." मी म्हणालो, "इथून सगळं बरोबर दिसतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा तेच. इथून सगळं बरोबर दिसतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला नाही.

त्यांनी काय केलं? वहीच्या पानावर पहिलं वजन लिहून ठेवायला लागल्या, आणि पावती गायब झाली की ते हातानं टाकायला लागल्या. सर्व्हर असल्या वजनापुढे 'ह' अक्षर लावतो. तीन आठवड्यांनी तपासणीत एकवीस पावत्या 'ह'वाल्या निघाल्या. सगळ्या दुपारनंतरच्या. लोक बोलायला लागले की बाई ओळखीपाळखीच्यांचा कापूस जास्त दाखवून राह्यली. त्यांना घरी बसवलं, आणि सोमवारी हेड ऑफिसात हजर व्हायला सांगितलं. बावीस वर्षं काट्यावर काम केलेली बाई.

सलीमभाईंनी एकवीस पावत्यांची यादी पाहिली आणि शुक्रवारी डबा घेऊन कोरपन्याची बस धरली. मी म्हणालो, "इथूनच पाहा ना, स्क्रीन घेऊन." ते म्हणाले, "इथून तर सगळं बरोबर दिसते ना, भाऊ." टोमणा होता. मला तेव्हा लागला नाही.

ते सकाळपासून मंगलाबाईंच्या खुर्चीत बसले. नुसते बसले. एक वाजता भोंगा झाला. आणि भोंग्याबरोबर फोरमननं मेन स्विच खाली ओढला. कापसाच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वीज चालू ठेवत नाहीत, एखादी ठिणगी पडली तर कापसाची गंजी पेटते. वर्षानुवर्षांची शिस्त आहे. काटा बंद, दिवे बंद, कॉम्प्युटर बंद. माणसं जेवायला बसली. शेतकरी तेवढ्या वेळात आपापल्या बंड्या रिकाम्या करत होते. भरलेल्या बंडीचं वजन पुन्हा घेणार कुठून? पूर्वी तासाभरानं वीज आली की अर्धी पावती जशीच्या तशी समोर यायची. इतकी वर्षं येत होती. कधी अडलं नाही, म्हणून हेड ऑफिसात कोणाला या सुट्टीची खबरच नव्हती.

दोन वाजून पाच मिनिटांनी मला फोन आला.

"वामनभाऊ, तुमी ते किती मिनिटं ठेवले होते?"

"दहा."

"इथी जेवाले एक तास लागते."

एवढंच. रागानं नाही. जणू मला गावाची एखादी माहिती देत होते.

मी त्याच क्षणी दहाचे दोन तास केले. एवढं तर केलं. पण सोमवार राहिला होता. सोमवारी सलीमभाईंनी भय्यासाहेबांसमोर तीन कागद ठेवले. सर्व्हरची नोंद, फोरमनची भोंग्याची वही आणि मंगलाबाईंचं वजनाचं पान. एकेक पावती जुळवून दाखवली. एकवीसपैकी एकवीस. बाई उभ्या होत्या, खुर्ची देऊनही बसल्या नव्हत्या. शेवटच्या पावतीला त्या बसल्या.

भय्यासाहेब, तुम्ही तेव्हा विचारलं होतं, "ही दहा मिनिटं कोणी ठेवली?"

मी दारापाशी उभा होतो. चार पावलांवर. तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण शब्द आला नाही. सलीमभाई म्हणाले, "आमच्याकडून झालं, साहेब." तुम्ही म्हणालात, "आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?" ते म्हणाले, "सर्व्हर माह्या ताब्यात आहे." त्यांच्या फाईलला ताकीद लागली. सगळ्या नोकरीतली एकमेव. आणि मी दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावर जाऊन बसलो, आणि त्यांनी विचारलं, "चहा घेता काय?"

ती दहा मिनिटं मी ठेवली होती. मी. वामननं.

तीन वर्षं रोज शेजारी बसून हे सांगता आलं नाही. त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि त्यांच्या न काढण्याचा मी फायदा घेतला. दुसऱ्याच्या कामातली सूतभर चूक सोडत नाही असा माझा लौकिक आहे. माझी मी तीन वर्षं सोडली. भय्यासाहेब, माझी विनंती आहे, तो ताकिदीचा कागद त्यांच्या फाईलमधून काढा आणि माझ्या फाईलला लावा. अर्ज लिहून आणला आहे, तारीख घालून, सही करून.

आज सभेच्या आधी मंगलाबाईंना मी बाजूला बोलावून सांगितलं. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले ठाऊक होतं न भाऊ. 'सेव्ह करत जा बाई' म्हनून फोनवर कोन सांगत होतं? आवाज काय बदलते काय?" मी विचारलं, "मग तुम्ही बोलल्या काऊन नाही?" त्या म्हणाल्या, "सलीमभाऊनं हात जोडले होते. म्हने, तो मानूस कामाचा पक्का आहे, घमेंडी आहे, पन स्वतःहून सांगीन एक दिवस." भाबी, त्यांना माझी खात्री होती. दिवस मात्र मी उशिरा निवडला.

आता उभे राहू या. माझं बोलणं संपलं की कोणी काही बोलू नये, टाळ्या नकोत, दोन मिनिटं तसंच उभं राहू या.

शेवटचं सांगतो. त्या सोमवारी सलीमभाई चंद्रपुरात असणारच नव्हते. हैदराबादच्या एका कंपनीनं त्यांना निवडलं होतं. काम हेच, दूरच्या लोकांच्या स्क्रीन सांभाळायचं, पण हाताखाली सहा माणसं आणि राहायला जागा. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं होतं. मंगलाबाईंची सुनावणी आहे म्हणून यांनी मंगळवार मागितला. कंपनीवाले नाही म्हणाले. मग हेही नाही म्हणाले. हे त्यांनी मला त्याच सोमवारी संध्याकाळी बसस्टँडवर चहा पिताना सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. इथं त्यांना तेवीस हजार मिळायचे. तिथं मिळणार होते महिन्याला अठ्ठ्याऐंशी हजार रुपये.